ओळख होते ती भांडी घासताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकट्याने प्रवासाला निघणाऱ्यांना हॉस्टेलमध्ये उतरण्याचा सल्ला देणारा मजकूर वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांतून वरचेवर येतो. त्यात खाटेचे भाडे, बाथरूमची स्वच्छता, वायफायचा वेग, गच्चीवरून दिसणारा देखावा असे सगळे असते. शेवटी एक वाक्य ठरलेले असते : 'इथे जगभरातले मित्र भेटतात.' ते कसे भेटतात, हे कुणी लिहीत नाही. एकाच खोलीत तीन रात्री काढून वरच्या खाटेवरच्या माणसाचे नावही न कळता निघून जाणारे प्रवासी कुठल्याही हॉस्टेलात रोज दिसतात आणि त्यात त्यांचा दोष थोडाच असतो. त्या एका वाक्यात राहून गेलेला तपशील भरून काढावा म्हणून हे पत्र.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत हॉस्टेल म्हटले की विद्यार्थ्यांचे वसतिगृह डोळ्यासमोर येते. इथे विषय आहे तो प्रवाशांच्या हॉस्टेलचा : चार ते बारा खाटांची सामायिक खोली म्हणजे डॉर्म, प्रत्येकाला एक लॉकर, सगळ्यांचे मिळून एक स्वयंपाकघर आणि बसायला-बोलायला एक कॉमन रूम. शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर ती नुसती स्वस्त लॉज समजावी.

ही कल्पना निघाली शाळेच्या सहलीतून. रिचर्ड शिरमान हे जर्मनीतल्या आल्टेना गावचे शिक्षक. 1909च्या ऑगस्टमध्ये ते मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वाटेत वादळी पावसाने गाठले आणि एका शाळेत रात्र काढावी लागली. सुटीत रिकाम्या पडलेल्या शाळा पायी फिरणाऱ्या मुलांना रात्रीपुरत्या का देऊ नयेत, हा विचार तिथलाच. 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा हॉस्टेल सुरू झाले आणि 1932 मध्ये अनेक देशांच्या संघटनांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. त्या पिढीच्या हॉस्टेलांत शिस्त कडक असे. दिवे मालवायची वेळ ठरलेली, बऱ्याच ठिकाणी दिवसा दार बंद, आणि झाडलोट, भांडी, लाकडे आणणे यांतले काहीतरी काम प्रत्येक पाहुण्याच्या वाट्याला. ही सक्ती पुढे गेली, याचे दुःख करायचे कारण नाही. पण कामाबरोबर आणखी एक गोष्ट गेली. दोन अनोळखी माणसे शेजारी उभी राहून भांडी पुसत असली की बोलणे आपोआप निघे. बोलायला निमित्त शोधावे लागत नसे आणि गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नसे. आता साफसफाईला कर्मचारी आहेत, प्रत्येक खाटेला पडदा, दिवा आणि चार्जिंगचा सॉकेट आहे. झोप सुधारली, शेजार संपला. तो परत आणण्यासाठीच मग हॉस्टेलांना 'अ‍ॅक्टिव्हिटी' नावाचा प्रकार शोधावा लागला : सामूहिक जेवण, वॉकिंग टूर, क्विझ, पत्ते, पब क्रॉल (म्हणजे घोळक्याने एका पबमधून दुसऱ्यात जात पिणे).

यांतल्या ज्या उपक्रमात हाताला काम असते तिथे ओळखी होतात आणि जिथे नुसते मनोरंजन असते तिथे होत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. म्हणून सामूहिक स्वयंपाकाला मी पहिला नंबर देतो. तो नीट केला तर त्याच्यासारखा उपाय नाही, आणि बिघडवायलाही तितकाच सोपा आहे.

आठ ते बारा माणसे हा आकडा बरा. सहाच्या खाली गेले की एक जोडपे आणि दोन जुने मित्र आले तरी उरलेला एकटा पडतो. चौदाच्या वर गेले की स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरत नाही आणि निम्मे लोक हातात पेला घेऊन प्रेक्षक होतात. बारा जणांसाठी कोरडा तांदूळ माणशी 80 ग्रॅम, म्हणजे सुमारे एक किलो. भाज्या माणशी 150 ते 200 ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच किलो. भाजीला दहा लिटरचे एक भांडे पुरते. तांदळाऐवजी पास्ता करायचा असेल तर माणशी 100 ग्रॅम धरतात आणि इथेच बहुतेकांचा बेत फसतो. सव्वा किलो पास्त्याला बारा लिटर पाणी लागते आणि घरगुती शेगडीवर तेवढे पाणी उकळायला पाऊण तास ते एक तास जातो. सगळे जमले, भाज्या चिरून झाल्या आणि मग कुणाला तरी पाण्याची आठवण झाली, की पुढचा तासभर लोक भांड्याकडे बघत बसतात, भूक वाढते, एकेक जण 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणतो आणि येत नाही. पाणी सर्वांत आधी, दोन भांड्यांत विभागून, झाकण घालून चढवावे.

चिरणे, शिजवणे, टेबल मांडणे आणि भांडी घासणे अशा तीन-तीन जणांच्या चार तुकड्या कराव्यात. तीनच का, याला कारण आहे. गप्पांचा एक घोळका साधारण चार माणसांपर्यंतच एकत्र टिकतो, असे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लोकांच्या बोलण्याची निरीक्षणे करताना आढळले होते. पाचवा आला की घोळका फुटतो किंवा कुणीतरी गप्प होतो. तीन माणसांना सुरी-पाटाभोवती उभे केले की कुणालाच गप्पांबाहेर राहता येत नाही. एकत्र आलेल्या मित्रांना वेगवेगळ्या तुकड्यांत घालावे. ते कुरकुर करतात, पण तासाभराने विसरतात. सुऱ्या किमान चार आणि धार असलेल्या हव्यात. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बहुधा बोथट असतात. बोथट सुरी निसटते, बोट कापते आणि संध्याकाळचा सगळा रंग जातो.

पथ्यपाणी आणि अ‍ॅलर्जी नाव नोंदवतानाच विचारायची. ताटात वाढताना विचारले तर ज्याला शेंगदाणे किंवा दूध चालत नाही तो माणूस उपाशी राहतो आणि वर त्यालाच ओशाळल्यासारखे होते. पैशांचेही तसेच. सामान आणायला जाण्याआधी प्रत्येकाकडून सारखी वर्गणी रोख घ्यावी आणि पावती टेबलावर ठेवावी. जेवण झाल्यावर हिशेब काढला तर ज्याने कमी खाल्ले आणि जो दारू पीत नाही, त्याच्या मनात अढी राहते. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. तो बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सेरिअस नावाचा जीवाणू वाढतो आणि त्याचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. सकाळी शिळा भात खाऊन बारापैकी चौघे आजारी पडले तर त्या हॉस्टेलात पुन्हा सामूहिक जेवण होत नाही.

वेळ संध्याकाळी सहाची. बहुतेक हॉस्टेलांत चेक-इन दुपारी दोन-तीननंतर असते आणि शांततेची वेळ रात्री दहा किंवा अकराला सुरू होते. मधल्या तासांत लोक आंघोळ करून, फोन चार्जिंगला लावून, 'आता जेवायचे काय' या प्रश्नावर आलेले असतात. त्या प्रश्नाच्या आधी बोलावणे गेले तर येतात. साडेआठला बोलावले तर निम्मे जेवून आलेले असतात. प्रवाशानेही हे ध्यानात घ्यावे. शक्य असेल तर पहिल्या दिवशी चारच्या आत हॉस्टेल गाठावे. रात्री दहाला पोचणाऱ्याचा पहिला दिवस ओळखींच्या हिशेबात वाया गेला असे समजावे, कारण तोवर त्या संध्याकाळचे घोळके बनून गेलेले असतात.

लांबलचक टेबल फोटोत चांगले दिसते, गप्पांना वाईट. बाराच्या टेबलाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या पंगती बसतात आणि मधल्यांना दोन्हीकडचे अर्धवट ऐकू येते. सहा-सहांची दोन टेबले मांडावीत आणि जेवण अर्धे झाल्यावर, भाजी परत वाढायच्या निमित्ताने, दोघा-तिघांना जागा बदलायला लावावे. भांडी घासण्याची तुकडी मात्र चुकूनही रद्द करू नये. 'राहू द्या, आम्ही करू' असे म्हणणारा कर्मचारी सौजन्याने वागत असतो, पण त्या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा अर्धा तास तो काढून घेतो. लाजाळू माणूस वीस जणांत तोंड उघडत नाही; नळाखाली हात असले की उघडतो. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही आणि काम संपले की उठून जायला कारणही मिळते.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे गोल करून बसवणे आणि 'नाव, देश आणि स्वतःबद्दल एक गमतीदार गोष्ट' सांगायला लावणे. हा प्रकार इतका रूढ झाला आहे की तो निरुपयोगी आहे असे म्हटले की लोक दचकतात. वीस माणसे, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे वीस मिनिटे नमनालाच घडाभर तेल. शिवाय ऐकतो कोण? आपली पाळी जवळ आली की माणूस आपण काय बोलायचे याची मनात उजळणी करत असतो आणि आपल्या लगेच आधी बोललेल्याचे त्याला सर्वांत कमी आठवते. माल्कम ब्रेनर यांनी 1973 मध्ये प्रयोग करून हे दाखवले होते. म्हणजे गोलात जो आपल्या शेजारी बसला आहे, त्याचेच नाव नेमके कानावरून जाते. ज्यांना प्रश्नोत्तरांचाच खेळ घ्यायचा आहे त्यांनी अनोळखी माणसांत जवळीक कशी निर्माण होते हे पाहणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांच्या 1997च्या प्रयोगाकडून शिकावे. त्यात अनोळखी माणसांच्या जोड्या होत्या, वेळ 45 मिनिटे होता आणि 36 प्रश्न साध्यापासून खाजगीकडे हळूहळू चढत जाणारे होते. जोडी आणि चढण या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या. वीस जणांसमोर पहिल्याच मिनिटाला 'तुमची सर्वांत मोठी भीती कोणती' असे विचारले तर लोक भिंतीकडे बघतात.

पत्ते आणि बोर्ड गेमबद्दल थोडक्यात. नियम दोन मिनिटांत सांगून होतील, डाव वीस मिनिटांत संपेल आणि नवा माणूस पुढच्या डावात शिरू शकेल, असा खेळ निवडावा. तीन तास चालणारा डावपेचांचा खेळ मांडला की त्या टेबलाभोवती कोट उभा राहतो आणि उशिरा आलेला बाहेर. क्विझमध्ये चौघांचे संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत आणि प्रश्न एकाच देशातल्या टीव्ही मालिकांवर किंवा खेळांवर नसावेत. इंग्रजी कच्चे असणाऱ्यांसाठी नकाशे, झेंडे, चित्रे, आवाज ओळखा असे प्रश्न निम्मे तरी हवेत, नाहीतर संघात चौथा माणूस पेन्सिल धरायलाच उरतो.

वॉकिंग टूर हा दुसऱ्या क्रमांकाचा मार्ग. साधारण दोन ते तीन तास चालणे, शेजारी-शेजारी, आणि दर दहा मिनिटांनी थांबा. 'फुकट' म्हणून जाहिरात झालेली टूर खरे तर टिपवर चालते. अनेक ठिकाणी गाइडला माणशी ठरावीक रक्कम चालवणाऱ्या कंपनीला द्यावी लागते. सुरुवातीला काढलेला सामूहिक फोटो कधीकधी त्या मोजणीसाठी असतो. म्हणून काही न देता मधूनच सटकणे गाइडच्या खिशाला पडते. ओळखीच्या दृष्टीने सांगायचे तर गाइड बोलत असताना कुणाशी बोलता येत नाही. बोलणे होते ते एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या चालण्यात. त्या वेळी घोळक्याच्या मध्यावर असावे. सगळ्यांत पुढे गाइडशी बोलणारे उत्साही असतात आणि सगळ्यांत मागे फोटो काढणारे. गट पंचवीसच्या वर गेला की कुणी कुणाचे राहत नाही. दुसऱ्या वेळेची टूर घ्यावी. आणि खरी कसोटी टूर संपल्यावरच्या पाच मिनिटांत. टाळ्या होतात, टिप दिली जाते, सगळे दोन मिनिटे घुटमळतात, प्रत्येकाला वाटते दुसऱ्याचे काहीतरी ठरलेले असेल, आणि पांगापांग होते. 'आता काय करणार?' या प्रश्नाला 'बघू' हेच उत्तर येते. 'मी समोरच्या खानावळीत जेवायला चाललोय, चला' याला निदान दोघे तरी येतात. जागा आणि वेळ पक्की सांगणारे वाक्य आणि मोघम वाक्य यांत एवढा फरक पडतो.

पब क्रॉलचा मात्र मला तिटकारा आहे आणि तो नीतीपोटी नव्हे. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागत असेल तर तिथला गोंगाट 85 डेसिबलच्या आसपास असतो, असा ढोबळ नियम आहे. अशा जागी पन्नास माणसे दर तासाला हलवली जातात. नाव ऐकू येत नाही, ऐकू आले तर सकाळी आठवत नाही. भाषा कच्ची असणाऱ्याचे तर सर्वांत जास्त हाल. मद्य न घेणारा पहिल्या अर्ध्या तासात वेगळा पडतो. आणि एका धोक्याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. 2024च्या नोव्हेंबरमध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग इथे मेथॅनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. मेथॅनॉल चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. लक्षणे बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसतात, म्हणून लोक त्याला हँगओव्हर समजून झोपून राहतात. धूसर दिसणे, डोळ्यांपुढे पांढरे येणे, पोटात कळा, धाप लागणे यांतले काही जाणवले तर झोपू नये, तडक इस्पितळात जावे आणि 'मेथॅनॉलचा संशय आहे' हे शब्द उच्चारावेत, कारण त्यावर उतारा आहे पण तो वेळेत मिळावा लागतो. आधीच उघडलेल्या बाटलीतून ओतलेली, फुकट वाटलेली किंवा बादलीत कालवलेली दारू घेऊ नये. पेला टेबलावर सोडून गेले तर परत आल्यावर तो ओतून द्यावा.

आता हॉस्टेल चालवणाऱ्यांकडे वळतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत फेस्टिंजर, शॅक्टर आणि बॅक या तिघांनी केलेला अभ्यास 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाची कोणाशी मैत्री होते, हे आवडीनिवडीपेक्षा दार कुणाच्या शेजारी आहे आणि जिना कुणाच्या दारावरून जातो यावर जास्त ठरते, असे त्यात दिसले. हॉस्टेलला हा धडा जसाच्या तसा लागू पडतो. चहाची किटली, पाण्याचा नळ, चांगला चार्जिंग पॉइंट आणि फ्रीज या चार गोष्टी जिथे असतात तिथे माणसे दिवसातून पाच वेळा येतात. त्या कॉमन रूममध्ये किंवा तिच्या वाटेवर असाव्यात. कॉमन रूम तिसऱ्या मजल्यावर आणि किटली तळमजल्यावर असेल तर सोफे कितीही भारी आणले तरी खोली ओस पडते. मोठा टीव्ही लावला की सगळ्या खुर्च्यांची तोंडे एकाच दिशेला होतात, मग बोलणार कोण?

रिसेप्शनच्या फळ्यावर 'आज सात वाजता डिनर' लिहून भागत नाही. ते उंटावरून शेळ्या हाकणे झाले. चेक-इन करतानाच, किल्ली हातात देण्याआधी, तोंडाने विचारावे : 'सहाला स्वयंपाकाला येता? तुमचे नाव लिहू?' नाव नोंदवायचा कागद कोरा टांगला तर कोराच राहतो. पहिल्या दोन ओळी भरलेल्या हव्यात, त्या कर्मचाऱ्यांच्या असल्या तरी चालतील. ओळी बाराच छापाव्यात. सूत्रधार एकच असावा आणि त्याने जेवणाआधी निदान सहा नावे पाठ करावीत. 'हे अमुक, उद्या त्याच डोंगरावर निघालेत ज्यावरून तुम्ही आज आलात,' एवढी जोडणी करून त्याने बाजूला व्हावे. राहण्याच्या बदल्यात काम करणारे व्हॉलंटियर बऱ्याच ठिकाणी हे करतात. पण महिना-दोन महिने राहिलेल्या या मंडळींचेच एक कोंडाळे बनते, त्यांचे आपसातले विनोद चालू राहतात आणि नवा पाहुणा परक्या घरी आल्यासारखा बसतो. व्हॉलंटियरांनी एका टेबलावर बसायचे नाही, हा नियम लेखी असावा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे तसेच. वर्षभराचे तीनशे माजी पाहुणे ज्या ग्रुपमध्ये साचले आहेत तिथे 'आज कोण येणार?' याला उत्तर येत नाही, आलेच तर दुसऱ्या खंडातून. दर आठवड्याला नवा ग्रुप काढावा, जुना बंद करावा. आणखी एक : अशा ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. एकट्या आलेल्या स्त्रीला नको असलेले मेसेज रात्री अकराला येऊ लागतात ते इथूनच. ग्रुपमध्ये येणे ऐच्छिक असावे आणि तसे सांगितले जावे. नंबर न देताही फळ्यावरून सर्व माहिती मिळाली पाहिजे.

प्रवाशाने स्वतः काय करावे, हे शेवटी लिहितो आहे, कारण सगळा भार त्याच्यावर टाकायची पद्धत मला पटत नाही. तरी काही गोष्टी त्याच्याच हातात असतात. कॉमन रूममध्ये येऊन कानांत हेडफोन घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणे म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवणे. मोठ्या टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसावे, फोन पालथा ठेवावा. 'कुठून आलात?' हा प्रश्न दिवसातून वीसदा ऐकून लोक कंटाळलेले असतात. 'आज कुठे जाऊन आलात, गर्दी होती का?' याला मोठे उत्तर मिळते आणि त्यातून उद्याचा बेतही निघतो. एकच भाषा येत असलेल्या दोघांनी आपल्याच भाषेत बोलत बसू नये; तिसरा टेबलाशी आला की त्याला कळणाऱ्या भाषेवर यावे. वयाने मोठ्यांनी आरक्षणाआधी नियम वाचावेत, कारण काही हॉस्टेलांच्या डॉर्ममध्ये वरची वयोमर्यादा असते. अठराखालच्यांना तर बऱ्याच डॉर्ममध्ये प्रवेशच नसतो.

पहिल्या गप्पा फसल्या असे वाटले तरी दुसऱ्या दिवशी नमस्कार करावा. अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर आपण त्याला किती आवडलो याचा अंदाज लोक खऱ्यापेक्षा कमी करतात, असे एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवले. दोघेही आपापल्या खाटेवर पडून 'आपलेच काहीतरी चुकले' असे मानत असतात.

किती रात्री राहावे? एका रात्रीत काही होत नाही, तीन तरी हव्यात. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार नुसत्या ओळखीपासून साध्या मैत्रीपर्यंत यायला सुमारे 50 तासांचा सहवास लागतो, पक्क्या मैत्रीला 90 आणि जिवलग होण्याला 200हून जास्त. घरी असताना आठवड्याला दोन तास भेटणाऱ्यांना 50 तास जमवायला सहा महिने जातात. एकत्र फिरणारे दोघे दिवसाचे बारा तास सोबत असले तर ते चार दिवसांत होतात. प्रवासातल्या गट्टीचा वेग बघून लोक तिला उथळ म्हणतात. तासांचा हिशेब काही वेगळेच सांगतो.

सोबत मिळाली म्हणून सावधपणा सोडू नये. खोली आणि खाटेचा नंबर सांगायचे कारण नसते. नव्या ओळखीबरोबरची पहिली भटकंती दिवसाउजेडी आणि शक्यतो तिघांची असावी. कुठे जातो आणि कधी परतणार हे रिसेप्शनला सांगून जावे. टॅक्सीचे भाडे बसण्याआधी वाटून घ्यावे. लॉकरचे कुलूप आपले न्यावे आणि त्याचा दांडा बारीक असावा, कारण जाड दांडा कित्येक लॉकरांच्या कड्यातून जातच नाही. कुणाबरोबर जायचे नसेल तर 'आज नको' एवढे पुरे, कारणे द्यायची गरज नाही. आणि रात्री दहानंतर डॉर्ममध्ये परतताना दिवा लावू नये, दुसऱ्या दिवशीचे सामान आधीच बाहेर काढून ठेवलेले असावे. मध्यरात्री प्लॅस्टिकच्या पिशव्या खुडबुडवणाऱ्याशी सकाळी कुणी बोलत नाही.

आपल्याला विनंती अशी : यापुढे हॉस्टेलवर मजकूर छापताना लेखकांकडून गच्चीच्या देखाव्याबरोबर चार गोष्टी जरूर मागवाव्यात. सामूहिक जेवण आठवड्यातून किती वेळा आणि किती वाजता होते, टेबलाला किती जण बसतात, किटली कुठल्या मजल्यावर आहे, आणि रात्री भांडी कोण घासते. शेवटच्या प्रश्नाला 'कर्मचारी' असे उत्तर आले, तर तेही छापावे.

आपला,
एक वाचक